घरगुती यंत्रगाडीचें सुकाणूं

नव्या करारांतील याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायांत सुकाणूचा एक दृष्टांत आहे. जहाज केवढेंहि मोठें असलें आणि वारा कितीहि सोसाट्याचा असला, तरी त्यास इष्ट दिशेस नेणारें सुकाणूं अगदीं लहान असतें, असा त्याचा आशय आहे. पत्रकर्त्याचा रोख जहाजाकडे नसून मनुष्याच्या जिभेकडे होता, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. तथापि आज आम्ही तो दृष्टांत शब्दशः घेणार आहों. कारण आमच्या आजच्या लेखाचा विषयच सुकाणूं हा आहे.

अलीकडे शाळेंत जाणाऱ्या मुलामुलींत स्वतःच्या हातांनीं लहानशी स्वयंचलित यंत्रगाडी तयार करण्याची हौस पुष्कळ वाढली आहे. तीस तीं मुलें 'रोबो' म्हणतात. २०१६ सालीं सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानामुळें देशांतील हजारों शाळांत या कामास उपयोगी अशा प्रयोगशाळा निघाल्या आहेत. आणि ज्या शाळांस असें साहाय्य मिळालेलें नाहीं, तेथील विद्यार्थीहि मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्यास बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या आसपास हिंडून पिवळ्या गिअर मोटारी, रबरी धावांचीं चाकें, आर्डुइनोची पाटी आणि वायरींचे जुडगे घेऊन घरीं येतात. ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. ज्या मुलास आपली गाडी भिंतीवर आदळून कां थांबत नाहीं याची रुखरुख लागून राहिली, त्याचें शिक्षण सुरू झालें असें समजावें.

सामान जमलें म्हणजे पहिला खरा प्रश्न उभा राहतो तो असा कीं, ही गाडी वळवावयाची कशी? या प्रश्नाचें उत्तर बहुतेक घरीं विचार न करतांच दिलें जातें असें आमचें निरीक्षण आहे. दुकानदारानें जो तयार संच पुढें केला त्यांत जी योजना असेल ती एक तर पत्करली जाते. नाहीं तर वडिलांच्या मोटारीस जसें चक्र आहे तसेंच आपल्या गाडीस असावें असा मुलाचा हट्ट पुरविला जातो. हे दोन्ही मार्ग आम्हांस मान्य नाहींत. गाडीची वळण्याची योजना तिच्या कामावरून, ती ज्या जमिनीवर चालावयाची त्या जमिनीवरून आणि ती करणाऱ्याच्या हातांतील हत्यारांवरून ठरली पाहिजे. व ती ठरविणारा स्वतः विद्यार्थी असला पाहिजे. आमच्या या मताचीं कारणें पुढें मांडतों.

गाडी वळते म्हणजे काय होतें, हें आधीं पाहूं. कवायतीच्या मैदानावर मुलांची रांग वळते त्या वेळीं आंतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाऊल टाकीत असतो आणि बाहेरच्या टोकाच्या मुलास लांब ढांगा टाकाव्या लागतात. गाडीच्या चाकांचेंहि तसेंच आहे. वळणावर बाहेरच्या चाकास मोठें वर्तुळ आक्रमावें लागतें व आंतल्या चाकास लहान. आपल्या बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसावर एकमेकांपासून स्वतंत्र फिरतात तीं याच कारणाकरितां. आणि गाडीवान वळणावर आंतल्या बैलाचा कासरा आंवरून बाहेरच्या बैलास हांक देतो तोहि याच कारणाकरितां.

हें मोजून पाहणें कठीण नाहीं. समजा, आपल्या यंत्रगाडीच्या डाव्या व उजव्या चाकांत १५ सेंटिमीटर अंतर आहे आणि ती ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळांत वळावयाची आहे. मग बाहेरच्या चाकाची त्रिज्या ६७.५ सेंटिमीटर होईल व आंतल्याची ५२.५, म्हणजे त्यांच्या वेगांचें प्रमाण ९ ला ७ असें पडेल. योजना कोणतीहि निवडा, हें प्रमाण कोणास चुकत नाहीं. कोणी तें दोन मोटारींच्या वेगानें साधतो, कोणी पुढचीं चाकें तिरपीं करून साधतो, आणि कोणी तें साधण्याची यातायात न करतां चाकें जमिनीवर घसरूं देतो. सर्व योजनांतील भेद एवढाच आहे. आतां त्यांचा क्रमानें विचार करूं.

पहिली योजना दोन मोटारींची. डाव्या चाकास एक मोटार, उजव्या चाकास दुसरी, आणि तोल संभाळण्यास पुढें किंवा मागें एक स्वैर फिरणारें लहान चाक, म्हणजे रुग्णालयांतील खाटेच्या पायास असतें तसें कॅस्टर. दोन्ही मोटारी सारख्या फिरल्या तर गाडी सरळ जाते. एक मंद केली तर त्या अंगास वळते. एक पुढें व एक मागें फिरविली तर जागच्या जागीं भोंवऱ्याप्रमाणें फिरते. हिच्यांत निराळें सुकाणूं असें नसतेंच. चालविणारीं चाकें हींच वळविणारीं चाकें. मुलांकरितां रचलेली लोगो नांवाची संगणक-भाषा १९६७ सालीं अमेरिकेंत निघाली. पुढें तिच्या आज्ञेनें जमिनीवर चालणारें जें यांत्रिक कासव करण्यांत आलें, तें याच रीतीनें वळत असे. आज पुष्कळ घरांतून केर काढीत फिरणारें स्वयंचलित यंत्रहि असेंच वळतें.

दुसरी योजना मोटारगाडीची. हिच्यांत पुढचीं दोन चाकें एका दांडीनें जोडून तिरपीं केलीं जातात, व तीं वळविण्याचें काम सर्व्हो नांवाची लहान मोटार करते. परंतु दोन्ही चाकें सारख्याच कोनांत तिरपीं करून भागत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वर घेतलेल्या वळणाकरितां, पुढच्या व मागच्या आंसांत २० सेंटिमीटर अंतर धरलें, तर आंतलें चाक सुमारें २१ अंश आणि बाहेरचें सुमारें साडेसोळा अंश वळलें पाहिजे. असें न झाल्यास एक चाक फरफटत जातें. हा भेद साधण्याची युक्ति म्यूनिक येथील गाड्या बांधणारा कारागीर गेओर्ग लांकेनस्पेर्गर यानें काढली, आणि लंडनमधील त्याचा मुखत्यार रुडॉल्फ आकरमान यानें १८१८ सालीं इंग्लंडांत तिचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून आजपर्यंत ती आकरमानच्याच नांवानें चालत आली आहे. या गोष्टीकडे आम्हांस लेखाच्या शेवटीं पुन्हां यावयाचें आहे.

या योजनेचा आणखी एक खर्च आहे. पुढचीं चाकें बरोबर तिरपीं झालीं तरी मागच्या दोन चाकांसहि ९ आणि ७ चा नियम लागू आहेच. तीं एकाच घट्ट आंसावर बसविलीं तर वळणावर त्यांतील एक घसरणार. मोठ्या मोटारींत हें टाळण्यास डिफरन्शिअल नांवाची दांतेरी चाकांची पेटी असते. घरच्या गाडींत ती बसविणें जिकिरीचें. म्हणून एक तर एकाच मागच्या चाकास मोटार द्यावी, नाहीं तर घसरणें सोसावें. शिवाय ही गाडी जागच्या जागीं फिरूं शकत नाहीं. कोपऱ्यांत सांपडली म्हणजे अरुंद गल्लींत मोटार लावणाऱ्या मनुष्याप्रमाणें तिला पुढें-मागें करीत बाहेर पडावें लागतें, आणि हें पुढें-मागें करण्याचें शहाणपण तिच्या आज्ञावलींत लिहावें लागतें.

तिसरी योजना तीन चाकांची, आपल्या रिक्षासारखी. पुढें एकच चाक, तें वळलें कीं गाडी वळली. दोन चाकांचे कोन जुळविण्याचा प्रश्न मुळांतच नाहीं. यंत्रगाड्यांच्या इतिहासांत या योजनेस मानाचें स्थान आहे. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें डॉ. विल्यम ग्रे वॉल्टर यांनीं १९४८-४९ सालीं 'एल्मर' व 'एल्सी' अशीं दोन यांत्रिक कासवें तयार केलीं. त्यांस तीनच चाकें असून पुढचें चाक चालविणारेंहि होतें व वळविणारेंहि होतें. आणि त्या चाकाबरोबर प्रकाश ओळखणारा एक डोळा फिरत असे. संगणक नाहीं, आज्ञावली नाहीं, तरी तीं दिव्याचा शोध घेत हिंडत. ही योजना सोपी आहे; मात्र पुढें एकच टेंकू असल्यामुळें वेगांत वळतांना गाडी कलंडण्याचें भय असतें. आपल्याकडे भरधांव रिक्षांत बसलेल्यांस हें निराळें सांगावयास नको.

चौथी योजना घसरून वळण्याची. दोन्ही बाजूंस दोन दोन चाकें किंवा पट्टे, आणि कोणतेंहि चाक तिरपें होत नाहीं. एका बाजूचीं चाकें जोरानें व दुसऱ्या बाजूचीं हळू फिरवून गाडी बळेंच वळविली जाते. रणगाडा आणि बुलडोझर असेच वळतात. खडबडीत जमिनीवर ही योजना दणकट ठरते. परंतु वळतांना सर्व चाकें आडवीं घांसलीं जात असल्यानें बॅटरीचा फार व्यय होतो, आणि किती कोनांत वळलों याचा चाकांच्या फेऱ्यांवरून हिशेब लागत नाहीं. गुळगुळीत फरशीवर जी गाडी सुखानें वळते तीच सतरंजीवर नेली तर मोटारी गुरगुरत अडून बसतात. ही योजना घ्यावयाचीच असेल तर गाडी रुंद व आंखूड असावी. लांब व अरुंद असूं नये.

आतां आमचें मत. घरांत किंवा वर्गाच्या फरशीवर चालणारी पहिली यंत्रगाडी करणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन मोटारींची पहिली योजना स्वीकारावी, असें आम्हांस वाटतें. ती सोपी आहे म्हणून आम्ही तिची शिफारस करतों असें कोणी समजूं नये. तिच्यांत जो दोष आहे तो मोजतां येतो, आणि मोजलेला दोष विद्यार्थ्यास स्वतःच्या बुद्धीनें दूर करतां येतो, हें आमच्या शिफारशीचें खरें कारण आहे.

तो दोष असा. एकाच दुकानांतून, एकाच दिवशीं घेतलेल्या दोन स्वस्त मोटारी सारख्या वेगानें फिरत नाहींत. त्यांत शेंकडा दोनच टक्के फरक आहे असें धरूं. गाडी तीन मीटर सरळ जावयाची म्हणून सोडली; एक चाक ३०० सेंटिमीटर गेलें, तर दुसरें ३०६ जाईल. हा सहा सेंटिमीटरांचा फरक १५ सेंटिमीटर रुंदीच्या गाडीस सुमारें २३ अंश वळवून टाकतो, आणि गाडी आपल्या रेषेपासून जवळजवळ ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट, बाजूस जाऊन पोंचते. अशी वांकडी चाललेली गाडी पाहून मुलाचें मन खट्टू होतें, आणि पालक म्हणतात, "पाहिलेंस? मोटारीसारखें सुकाणूं हवें होतें!"

परंतु मोटारीसारखें सुकाणूं असतें तर काय झालें असतें, हेंहि पाहूं. चाक वळविणारा हात २ सेंटिमीटर लांबीचा असून त्याच्या सांध्यांत अवघा एक मिलिमीटर ढिलेपणा राहिला, तर चाकाचा कोन सुमारें ३ अंश इकडे-तिकडे होऊं शकतो. २० सेंटिमीटर लांबीची गाडी अशा स्थितींत चार मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर जाऊं लागते, आणि तीन मीटर चालींत एक मीटरहून अधिक बाजूस जाते. ज्याच्या घरीं पुठ्ठा, खिळे व एक पक्कड एवढीच सामुग्री आहे, त्यानें एक मिलिमीटरहून कमी ढिलेपणाचे सांधे करावयाचे कसे? त्यास चांगली कानस, बारीक ड्रिल किंवा त्रिमिति-छपाईचें यंत्र हवें. दोन मोटारींच्या गाडीचा दोष मात्र कागद, पेन्सिल आणि आज्ञावलीच्या दोन ओळी एवढ्यानें दुरुस्त होतो. जी योजना गरीबाच्या मुलास आणि श्रीमंताच्या मुलास सारखीच शिकवूं शकते, ती शाळेनें पुढें करावी, हा आमचा आग्रह आहे.

या दुरुस्तींतच किती शिक्षण आहे तें पाहा. चाकाबरोबर फिरणारी २० खांचांची एक चकती मिळते. प्रकाशाचा डोळा तिच्या खांचा मोजतो. चाकाचा व्यास ६.५ सेंटिमीटर असेल तर त्याचा परिघ सुमारें २०.४ सेंटिमीटर, म्हणजे एक खांच सुमारें एका सेंटिमीटराची झाली. गाडी जागच्या जागीं काटकोनांत वळविण्यास, १५ सेंटिमीटर रुंदी असल्यास, प्रत्येक चाक सुमारें ११.८ सेंटिमीटर फिरलें पाहिजे. म्हणजे साडेअकरा खांचा. आतां अर्धी खांच मोजतां येत नाहीं. ११ मोजाव्या तर काटकोनास सुमारें ४ अंश कमी पडतात. १२ मोजाव्या तर जवळजवळ तितकेच अधिक होतात. चौरसाचे चार कोपरे वळून होतात तोंवर गाडीचें तोंड भलतीकडेच झालेलें असतें. ज्यानें तयार संच विकत आणला तो येथें दुकानदारास दोष देईल. ज्यानें स्वतः विचार केला तो गाडीच्या पाटीवर चाकें थोडीं दूर सरकवील. कारण रुंदी १५ च्या ऐवजीं १५.६ सेंटिमीटर केली कीं काटकोनास नेमक्या १२ खांचा लागतात. सहा मिलिमीटरांचा हा शोध ज्या मुलीनें आपल्या वहींत मांडून काढला, तिला परिघाचें सूत्र जन्मांत विसरावयाचें नाहीं.

कोणी असा आक्षेप घेतील कीं, अशी गाडी खऱ्या गाडीसारखी दिसत नाहीं. यास आमचें उत्तर असें कीं, 'खरी' गाडी म्हणजे कोणती? आपल्या देशाचें चांद्रयान-३ हें २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलें, आणि त्यांतून २६ किलोग्रॅम वजनाची 'प्रज्ञान' ही सहा चाकांची गाडी चंद्राच्या मातीवर आली. तिच्या चाकांस मोटारीसारखें सुकाणूं नव्हतें. दोन बाजूंच्या चाकांच्या वेगांतील फरकानेंच ती वळत असे. २७ ऑगस्ट रोजीं तिच्या वाटेवर सुमारें चार मीटर व्यासाचा खड्डा आढळला, तेव्हां तिला मागें परतण्याची आज्ञा देण्यांत आली आणि ती दुसऱ्या वाटेनें सुखरूप गेली. त्यापूर्वीं १९७० सालीं रशियनांनीं चंद्रावर पाठविलेली आठ चाकांची 'लुनोखोद-१' हीहि वेगांच्या फरकानेंच वळत असे. ज्या रीतीनें चंद्रावरील गाड्या वळल्या, ती रीत आपल्या फरशीवरील गाडीस कमीपणा आणणारी नाहीं.

उलट बाजूहि आम्ही लपवीत नाहीं. १९७१ सालीं अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनीं चंद्रावर जी गाडी चालविली, तिचीं पुढचीं आणि मागचीं अशीं दोन्ही बाजूंचीं चाकें तिरपीं होत असत. पहिल्या दिवशीं पुढचें सुकाणूं चालेना. तेव्हां केवळ मागच्या सुकाणूवर त्यांनीं आपला प्रवास केला. मंगळावर २००४ सालीं उतरलेल्या 'ऑपॉर्च्युनिटी' या गाडीच्या चारहि कोपऱ्यांच्या चाकांस वळविण्याच्या निराळ्या मोटारी होत्या. २००५ सालीं त्यांतील उजव्या पुढच्या चाकाची मोटार अडकली आणि तें चाक किंचित् आंत वळलेल्या स्थितींतच राहिलें. तरी ती गाडी २०१८ पर्यंत काम करीत राहून एकंदर ४५ किलोमीटरांहून अधिक चालली. यावरून दोन गोष्टी दिसतात. सुकाणूचे भाग जितके अधिक, तितकीं बिघडण्याचीं ठिकाणें अधिक. आणि ज्यांनीं बिघाडाचा विचार आधींच करून दुसरी सोय ठेविलेली असते, त्यांचें काम एका चाकावांचून अडत नाहीं. मंगळासारख्या ओबडधोबड ठिकाणीं, जेथें चाक घसरूं देणें परवडत नाहीं, तेथें तिरपीं होणारीं चाकेंच घेतलीं. कारण तेथील कामास तींच हवीं होतीं. दोन्ही ठिकाणीं निवड कामावरून झाली, रूपावरून झाली नाहीं.

म्हणून आमची शिफारस सर्वकाळ सर्वांस लागू आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची गाडी अंगणांत, लांब वाटेवर, वेगानें धांवावयाची आहे, त्यास मोटारीची योजनाच बरी. वेगांत ती अधिक स्थिर असते. वरच्या इयत्तेंतील ज्यांनीं एक गाडी केली आहे, त्यांनीं दुसरी गाडी आकरमानच्या रीतीनें जरूर करावी. भूमितीच्या तासास शिकलेलें त्यांस तेथें हाताशीं लागेल. ज्यास शेताच्या बांधावर गाडी न्यावयाची आहे, त्यानें घसरून वळणारी योजना घ्यावी व बॅटरी मोठी घ्यावी. बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें सांगितलें आहे. आमचें म्हणणें तेवढेंच: आधीं बसावें, हिशेब करावा, मग स्क्रू लावावा.

आतां आकरमान साहेबांकडे वळूं. युक्ति एकानें काढली आणि नांव दुसऱ्याचें झालें. आकरमान हा लबाड होता असा याचा अर्थ नाहीं. तो आपल्या अशिलाचें पेटंट उघडपणें घेणारा मुखत्यार होता. परंतु दोनशें वर्षें लोटलीं तरी कारागिराचें नांव थोड्यांस ठाऊक आहे व मुखत्याराचें सर्वांस. विज्ञान-प्रदर्शनांच्या दिवसांत हाच प्रकार उलट्या बाजूनें घडतांना आम्ही पाहतों. टेबलावर झुळझुळीत गाडी, पाटीवर मुलाचें नांव, आणि काम वडिलांचें, मामांचें, किंवा पैसे घेऊन प्रकल्प करून देणाऱ्या दुकानाचें. परीक्षकांनीं विचारलें, "ही योजना कां घेतली?" कीं मूल आईच्या तोंडाकडे पाहतें. पालक हें प्रेमानेंच करतात, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण त्या प्रेमानें मुलाच्या हातून त्याचें सुकाणूं काढून घेतलें जातें, हें त्यांनीं ध्यानांत घ्यावें. मुलाची वांकडी चालणारी गाडी ही त्याची असते. वडिलांची सरळ चालणारी गाडी ही वडिलांची असते.

यास्तव आमची प्रदर्शनें भरविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींस एक नम्र सूचना आहे. गाडीस बक्षीस देण्यापूर्वीं तिच्याबरोबरची वही मागावी. गाडी कोणत्या जमिनीवर चालावयाची आहे, वळण्याच्या कोणकोणत्या योजनांचा विचार केला, आणि निवडलेल्या योजनेंत कोणता दोष आढळला व तो कसा मोजला, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्या वहींत मुलाच्या हस्ताक्षरांत असावीं. अर्धे गुण या वहीस द्यावे. मग पुठ्ठ्याच्या गाडीस रंगीत संचाच्या शेजारीं मान खालीं घालून बसावें लागणार नाहीं.

पालकांस आमची विनंति थोडक्यांत अशी. मुलास सामान आणून द्यावें, तें निवडून देऊं नये. मुलीनें मोटार मागितली तर ती मुलासारखीच आणून द्यावी. लिथियमच्या बॅटऱ्या योग्य चार्जरनेंच व मोठ्या माणसाच्या नजरेखालीं भराव्या, आणि तारा एकमेकींस चिकटूं देऊं नयेत; कारण त्यांतून आग लागण्याचा संभव असतो, आणि येथें मुलास अनुभवानें शिकूं द्यावें असें आम्ही म्हणणार नाहीं. बाकी सर्व ठिकाणीं त्याला चुकूं द्यावें. गाडी कपाटाखालीं जाऊन अडकली तर ती तुम्हीं काढूं नये. ती तेथें कां गेली एवढेंच विचारावें.

आणि बालमित्रांनो, तुम्हांस एवढेंच सांगणें आहे कीं, पहिला स्क्रू लावण्यापूर्वीं घरांतील फरशी पाहा, उंबरठे पाहा, सतरंजी पाहा, आणि आपल्या गाडीनें काय काम करावें असें तुम्हांस वाटतें तें एका वाक्यांत लिहून काढा. आजीस उठावें लागूं नये म्हणून तिची औषधाची डबी खाटेपर्यंत नेणारी गाडी, आणि अंगणांत शर्यत जिंकणारी गाडी, या एकाच रीतीनें वळणार नाहींत. तें वाक्य लिहून झालें म्हणजे सुकाणूची निवड निम्मी झाली. उरलेली निम्मी मोजपट्टी करील. येत्या वर्षाच्या प्रदर्शनांत तुमच्या गाड्या व त्यांच्या वह्या पाहण्यास आम्ही उत्सुक आहों.